बिनआवाजाचं मशीन

सकाळी ९.५०

ग्रँट रोडला लोकल थांबते. दादा पूर्वेच्या जिन्याकडे वळतात. नालासोपाऱ्याहून इथवर उभ्यानंच आलेत. सॅक अजून छातीवरच आहे. आत डबा, पाण्याची बाटली आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर ते रोज घरी नेतात. दुकानात ठेवला की कुणीतरी त्यातली बॅटरी काढून घेतं.

बिलावर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. फुटपाथवर रिमोट, चार्जर, एलईडीच्या माळा मांडायला सुरुवात झाली आहे. दादा १९९९ साली दहावी करून इथं हेल्पर म्हणून आले. तेव्हा पगार बाराशे होता. आता बावीस हजार आहे. काम तेच, कॉम्प्युटर जोडायचे.

सकाळी १०.३०

दुकान पहिल्या मजल्यावर, दहा बाय चौदाचं. हेल्पर पोरगा शटर वर करतो. झाडू, उदबत्ती, कटिंग. दादांची जागा काउंटरच्या मागे. टेबलावर हिरवं रबर अंथरलेलं. हत्यारं फार नाहीत. चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, रंगाऱ्याचा ब्रश, केबल टायची पिशवी, थर्मल पेस्टची सिरिंज. आणि फॉइलच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी. ती कशाला, ते मला दुपारी कळलं.

आज एक मोठं काम आहे. गिरगावातल्या एका ताईंचं. त्या जाहिरातींना आवाज देतात, गोष्टींची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. घरातच, कपाटाच्या दोन दारांच्या मध्ये माइक लावून, मागे गोधड्या टांगून. मशीन आवाज न करणारं हवं आहे. बजेट पन्नास हजार, मॉनिटर सोडून.

"आवाज न करणारं म्हणजे किती?" दादांनी काल विचारलं होतं.

"मी बोलायची थांबले की उणे साठ डेसिबलच्या खाली गेलं पाहिजे. नाहीतर ऑडिओबुकवाले फाइल परत पाठवतात."

दादांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली आहे. -६०.

सकाळी ११.१५

ताईंनी जुना एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, पाठवला आहे. २०१२ साली कॅबिनेटबरोबर आलेला. हा वापरला तर सहाएक हजार वाचतील, असा त्यांचा हिशेब. वर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट.

दादा तो हातात घेऊन वजन बघतात. हलका आहे. मग लेबल उजेडाकडे धरतात. बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. बाराला चौदानं गुणलं की १६८. "हे याचे खरे वॅट," ते म्हणतात. बाकीचे आकडे ५ आणि ३.३ व्होल्टच्या लायनींवर चढवलेले. पूर्वी बोर्डाचं बरंच काम त्या लायनींवर चालायचं. आता प्रोसेसरला लागणारं सगळं १२ वरून येतं.

ताईंसाठी ठरलाय आय-५ १२४००. कागदावर तो ६५ वॅटचा. पण जोर लावतो तेव्हा ११७ पर्यंत जातो.

दुसरी अडचण पिनांची. नव्या बोर्डावर प्रोसेसरजवळ आठ पिनांचं सॉकेट आहे. जुन्या एसएमपीएसला त्यासाठी चारच पिनांचा चौकोनी जोड. पेंटियम फोरच्या जमान्यातली ती सोय. आठाच्या भोकात चार बसतात, अर्धं रिकामं ठेवून. मशीन सुरूही होतं.

"मग?" पोरगा विचारतो.

"मग दोन पिवळ्या वायरींनी चार वायरींचं काम करायचं. उन्हाळ्यात, बंद खोलीत. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. मग ताई फोन करतात."

तिसरी गोष्ट दादा सांगत नाहीत, नुसता पंखा बोटानं फिरवून दाखवतात. ८० मिलिमीटरचा, बेअरिंग सुकलेलं. खर्र. एसएमपीएस बाजूला जातो. फोन लागतो. "ताई, नवीनच घ्यावा लागेल." पलीकडे थोडी शांतता. "किती?" "साडेसहापर्यंत."

दुपारी १२.००

मध्येच एक अकाउंटंट मशीन घेऊन येतात. चौथ्या पिढीचा आय-३. तक्रार अशी की काम करताना काही होत नाही, जेवायला उठलं की बंद पडतं.

दादा कॅबिनेट उघडत नाहीत. बायोसमध्ये जातात, प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्या शोधतात, सी-६ आणि सी-७ बंद करतात. पाच मिनिटांत झालं. इंटेलनं २०१३ साली ही चौथी पिढी आणली. तिचा प्रोसेसर रिकामा बसला की १२ व्होल्टवर जवळजवळ काहीच ओढत नाही, अँपिअरचा विसावा भाग. त्याआधीच्या बऱ्याच एसएमपीएसना इतका कमी भार सांभाळायची सवय नव्हती. एका लायनीवरचा भार उतरला की दुसरीचं व्होल्टेज ढळायचं, आणि एसएमपीएस स्वतःलाच बंद करून घ्यायचा. कामाच्या ओझ्यानं बंद पडणारं मशीन सगळ्यांना समजतं. आरामानं बंद पडणारं समजत नाही. त्यापायी या गल्लीत किती चांगले बोर्ड भंगारात गेले असतील, कुणी मोजलेले नाहीत.

अकाउंटंट दोनशे रुपये देतात. "नुसतं बटण दाबायचे दोनशे?" असंही म्हणतात. शेठ पावती फाडतात.

दुपारी १२.४०

समोरच्या दुकानातला पोरगा एक सेकंडहँड एसएमपीएस आणतो. मॉड्युलर, गोल्ड, तीन हजारात. ताईंचे साडेतीन हजार वाचतात. दादांना मोह होतो, चेहऱ्यावर दिसतो. युनिट वजनदार आहे, पंख्यावर धूळ नाही.

केबल वेगळ्या पिशवीत आहेत. काळ्या, चपट्या, छान गुंडाळलेल्या. "याच्याच आहेत?" "बसतात ना दादा, बघा." बसतात खऱ्या. टक् आवाज करून बसतात.

दादा मल्टिमीटर काढतात. २४ पिनांच्या केबलचं बोर्डाकडचं टोक घेतात. बोर्डाकडे काय कुठे, ते ठरलेलं आहे. १९९५ साली एटीएक्सचा नमुना आला तेव्हा पिना वीस होत्या, २००३ च्या आसपास चोवीस झाल्या. दादांना त्या पाठ आहेत. सोळावी पिन म्हणजे सुरू करायची. जुन्या केबलला तिथं हिरवी वायर असायची. ती कुठल्याही काळीला टेकवली की एसएमपीएस जागा होतो. ते स्टेपलरची पिन वाकवून तसंच करतात. पंखा एक वळसा घेऊन थांबतो. मग मल्टिमीटरच्या सळया एकेका भोकात. ३.३१. ५.०४. १२.०८. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. हे उत्तम आहे.

"चांगला आहे की," मी म्हणतो.

दादा आता एसएसडीची केबल लावतात. साटाचं चपटं तोंड. जिथं ५ व्होल्ट यायला हवेत तिथं सळई ठेवतात.

१२.०७.

पोरगा वाकून बघतो. दादा पुन्हा ठेवतात. १२.०७.

एसएमपीएस एका कंपनीचा, केबल दुसरीची. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनी आपल्या मनानं ठरवते. त्याला कुठलाही नियम नाही. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लग तोच, आतली मांडणी निराळी. पूर्वी वायरी रंगीत होत्या. पिवळी बारा, लाल पाच, नारिंगी तीन पॉइंट तीन, काळी ग्राउंड. चूक डोळ्याला दिसायची. आता दिसायला बरं म्हणून सगळ्या काळ्या. ही केबल ताईंच्या एसएसडीला लागली असती तर ती एसएसडी जळून गेली असती.

"केबल कुठून घेतल्या?" "पेटीतून." "मग पेटीत परत टाक. युनिट चांगलं आहे, त्याच्या केबल शोध. तोपर्यंत विकू नको."

पोरगा जातो. दादा शेठकडून सीलबंद डबा मागवतात. ५५० वॅट, गोल्ड, ६४०० रुपये, जीएसटी धरून.

दुपारी १.४५

डबा. भाकरी, मेथी, ठेचा. जेवताना दादा हिशेब सांगतात. ताईंचं मशीन भिंतीतून रिकामं असताना तीस-पस्तीस वॅट ओढेल, सगळा जोर लावला तर दीडशे. मग ५५० कशाला? तर अशा एसएमपीएसचा पंखा कमी भारावर फिरतच नाही. एवढा मोठा घ्यायचा की तो कायम आळसात राहील. गोल्डचा शिक्का म्हणजे अर्ध्या भारावर नव्वद टक्क्यांच्या वर वीज कामाला लागते. उष्णता कमी, म्हणून पंख्याचं काम कमी. शांतता हवी तर उष्णता कमी करायची, पंख्याला दोष द्यायचा नाही, हे दादांचं मत. काही गिऱ्हाइकं मात्र पंखा फिरत नाही म्हणून युनिट परत आणतात.

दुपारी २.२०

जोडणी सुरू. आधी बोर्ड डब्याच्या पुठ्ठ्यावरच. प्रोसेसर बसवताना सॉकेटची दांडी करकरते. पहिल्यांदा बघणारा दचकतो, दादा नाही. पेस्ट वाटाण्याएवढी. त्यावर उभा कूलर, १२० मिलिमीटरचा पंखा. प्रोसेसरबरोबर फुकट आलेला छोटा पंखा ड्रॉवरमध्ये. उंची फूटपट्टीनं मोजली, १५५. कॅबिनेटमध्ये १६० ची जागा आहे.

२४ पिनांचा जोड दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवतात. खटका ऐकू आला पाहिजे. मग आठ पिनांचा. डब्यात आठ पिनांच्या दोन जातीच्या केबल असतात. एक प्रोसेसरची, चार अधिक चार. दुसरी ग्राफिक्स कार्डाची, सहा अधिक दोन. दिसायला बहिणी. आत बारा व्होल्ट आणि ग्राउंड उलटसुलट. खाचा निराळ्या आहेत म्हणून सहज बसत नाहीत, पण दाबून बसवणारे वीर आहेत. असे काळे पडलेले तीन बोर्ड दादांनी भिंतीवर टांगून ठेवलेत, हेल्परांना दाखवायला.

दुपारी ३.४०

स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं दोन पिना टेकवतात. एसएमपीएस क्षणभर सगळी व्होल्टेज तपासतो, मग बोर्डाला हिरवा कंदील देतो. अर्ध्या सेकंदाच्या आतला मामला. पडद्यावर अक्षरं. मेमरी दिसते, एसएसडी दिसते. विंडोज चढतं.

आता ऐकायचं. दादा दुकानातला पंखा बंद करतात. पोरगा काचेचं दार लावतो. खालून हॉर्न येतातच. त्या पलीकडून एक बारीक आवाज आहे. चीऽऽ. माउस हलवला की बदलतो. पानं वरखाली केली की त्याला ताल येतो.

दादा पुठ्ठ्याची नळी उचलतात. एक टोक कानाला, दुसरं बोर्डावर. प्रोसेसरभोवतीच्या चौकोनी कॉइलींवरून हळूहळू फिरवतात. तिथं नाही. मग एसएमपीएसच्या जाळीवर. थांबतात. नळी माझ्याकडे देतात. डासाच्या जातीचा आवाज, अगदी कानात.

आत तारेची वेटोळी असतात. करंट सेकंदाला हजारो वेळा चढतो-उतरतो, तशी तार थरथरते. प्रोसेसर झोपतो-उठतो तेव्हा थरथर ऐकू येणाऱ्या पट्टीत उतरते. सकाळच्याच त्या सी-पायऱ्या. दादा बायोसमध्ये जाऊन बंद करतात. आवाज गेला. पुन्हा चालू करतात. आला.

"मग बंदच ठेवू या," पोरगा म्हणतो.

"ठेवता येईल. पण मग हा रिकामा असतानाही गरम राहील. मग कूलरचा पंखा जोरात फिरेल. म्हणजे शिट्टी विकून घरघर विकत घेतली."

दुपारी ४.२५

शेठकडे दुसरा डबा मागायचा. हा प्रसंग नाजूक आहे.

"खराब आहे का?"

"खराब नाही. आवाज करतोय."

"मास्तर, डिस्ट्रिब्यूटर आवाजाला वॉरंटी देत नाही. व्होल्टेज बरोबर आहे ना? मग पीस ओके आहे. सील तोडलंत तुम्ही."

दादा वाद घालत नाहीत. चिठ्ठीवरच्या -६० कडे बोट दाखवतात. शेठ मॉनिटरकडे बघतात, मग कॅल्क्युलेटरकडे. दुसरा डबा येतो. तेच मॉडेल, तीच कंपनी. दादा पुन्हा २४, पुन्हा ८. पुन्हा नळी. जाळीला अगदी चिकटवली तर काहीतरी आहे. वीतभर लांब गेलं की नाही. एकाच मॉडेलच्या दोन पिसांत एवढा फरक पडतो. डब्यावर याबद्दल एक अक्षर नसतं.

या सव्वा तासाचे पैसे बिलात कुठं येणार, मी विचारतो. बिलात एकच ओळ आहे. असेंब्ली, ८०० रुपये.

संध्याकाळी ५.३०

सगळं कॅबिनेटमध्ये गेलं. एसएमपीएस खालच्या बाजूला, पंख्याचं तोंड वर. पंखा बहुतेक वेळ थांबलेला असणार, तेव्हा गरम हवेला वर जायला वाट हवी.

कॅबिनेटबरोबर मागचा एक पंखा आलाय. त्याचा जोड थेट एसएमपीएसच्या चार पिनांच्या जाड प्लगला. म्हणजे बारा व्होल्ट, कायम, पूर्ण वेगानं. दादा तो काढतात आणि ड्रॉवरमधला तीन पिनांचा लावतात, बोर्डाच्या हेडरवर. तरी हा भन्नाट फिरतो. बोर्डाला वाटतंय की पंखा चार पिनांचा आहे. चौथ्या पिनेवरून तो हळू फिरायचा इशारा पाठवतोय, आणि इथं चौथी पिनच नाही. बायोसमध्ये त्या हेडरसमोरचं पीडब्ल्यूएम बदलून डीसी केलं. आता व्होल्टेजच कमी होतं. पंखा ६०० फेऱ्यांवर उतरला. दोन्ही पंख्यांची चढण दादा हातानं आखतात. साठ अंशांपर्यंत वेग हलायचा नाही. पंख्याचा एकसुरी आवाज कान विसरतो, वरखाली होणारा विसरत नाही.

संध्याकाळी ७.०५

टॅक्सी. भाडं मीटरनं, ताई देणार आहेत. चाळीत तिसरा मजला, लाकडी जिना. कॅबिनेट दादांच्या खांद्यावर, एसएमपीएसची बाजू मानेकडे. जड बाजू अंगाजवळ.

ताई चहा ठेवतात. मशीन टेबलाखाली जातं. माइक साउंड कार्डला, साउंड कार्ड यूएसबीनं मशीनला. आजवर त्या वेगळ्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करायच्या, कारण कॉम्प्युटर चालू असला की माइक उघडायची सोय नव्हती. आता पहिल्यांदाच थेट. ताई हेडफोन लावतात. बोट वर करतात. दहा सेकंद कुणी बोलायचं नाही.

"दादा, गूं येतंय."

पडद्यावर उणे ४८. दादा गुडघ्यावर बसतात, कॅबिनेटला कान लावतात. तिथं काही नाही. नळी आणलेली आहे, तीही काही सांगत नाही. मग कॅबिनेटच्या पत्र्यावर बोटाची मागची बाजू फिरवतात आणि झटकन काढून घेतात. "झिणझिण्या."

मल्टिमीटर भिंतीच्या सॉकेटमध्ये. फेज आणि न्यूट्रल, २३२. फेज आणि अर्थ, कधी ६०, कधी ९०, आकडा ठरत नाही. वरचं जाड भोक आहे, आत पितळही आहे. त्याच्या मागे वायर नाही.

एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणी असते. तिच्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले. त्यांतून जे झिरपतं ते अर्थिंगमधून जमिनीत जायचं. अर्थिंग नसेल तर पत्र्यावरच बसतं, निम्म्या व्होल्टेजनं. करंट अगदी थोडा. पण पत्रा बोर्डाला जोडलेला, बोर्ड यूएसबीला, यूएसबी माइकला.

"स्वयंपाकघरात फ्रिजचं सॉकेट कधी केलं?" दादा विचारतात. "वेगळी वायर ओढली होती. फ्रिजवाल्यांनी शॉक बसेल म्हणून सांगितलं होतं." तिथं मोजतात. फेज आणि अर्थ, २३१. ठाम.

एक्स्टेन्शनची दोरी स्वयंपाकघरातून उंबऱ्यावरून आणतात. पुन्हा बोट वर. दहा सेकंद. उणे ६३.

ताई हेडफोन काढून म्हणतात, "आणि फ्रिज सुरू झाला की?"

"तेवढा वेळ चहा घ्यायचा."

संध्याकाळी ७.५०

यूपीएस राहिला. ६०० व्हीएचा, जुना, टेबलाखाली. त्याचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच घुमतो. दादा मुख्य स्विच बंद करून बघतात. यूपीएस टक् करतो आणि नवं मशीन मरतं. पुन्हा बघतात. पुन्हा मरतं. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो. नव्या एसएमपीएसच्या आत पॉवर फॅक्टर सुधारणारी यंत्रणा असते, तिला अशा पायऱ्या मानवत नाहीत. जुना एसएमपीएस हे निमूट खायचा.

"साइन वेव्हचा घ्यावा लागेल. याच्या दुप्पट-अडीचपट पडतो."

"पुढच्या महिन्यात, दादा. एका पुस्तकाचे पैसे यायचेत."

"तोवर दर पानाला सेव्ह करा. आणि इलेक्ट्रिशियन बोलवून या सॉकेटला अर्थ ओढून घ्या. दोरी पायात येईल."

ताई टॅक्सीचे पैसे आणि घरपोच बसवायचे तीनशे वेगळे देतात. हे तीनशे दादांचे, शेठना ठाऊक आहे, चालतं.

रात्री ८.४०

चालतच ग्रँट रोड. वाटेत वडापाव, वीस रुपये. फोन वाजतो. शेठ आहेत. उद्याच्या कामाची यादी सांगताहेत. भिवंडीच्या एका यंत्रमागवाल्याचं बिलिंगचं मशीन, सकाळी पहिलं. दादा विचारतात, एसएमपीएस कुठला लावू. शेठ सांगतात, तो सील तोडलेला.

"गोल्ड? बिलिंगला?"

"साध्याच्याच भावात देऊ. तिथं बाजूला माग चालतात, मास्तर. कुणाला ऐकू येतंय?"